तू काय पाहिलंस?

सेमिनार संपला होता. प्रोजेक्टरचा पंखा अजून घरघरत होता आणि ती खाली बसून वायर गुंडाळत होती. हिमकेंद्रकांवर, म्हणजे ज्या कणांपासून पाणी गोठायला सुरुवात होते त्यांच्यावर, ती २० मिनिटं बोलली होती. बोलली म्हणजे वाचलं होतं. ३१ स्लाइड. पहिलीवर विषय, दुसरीवर अनुक्रम, तिसरीपासून परिचय, आणि शेवटी 'थँक यू'सोबत एक फूल. समोरच्यांपैकी एकानंही प्रश्न विचारला नाही. टाळ्या पडल्या, तेवढ्याच वाजवायच्या असतात म्हणून पडल्या.

खोली रिकामी झाल्यावर मी सहज विचारलं, "पण तू लॅबमध्ये दिवसभर बघतेस तरी काय गं?"

"थेंब," ती म्हणाली. वायर हातातच राहिली. "काचेवर ओळीनं थेंब ठेवायचे, मॅडम, आणि खालून थंड करत जायचं. मिनिटाला एक अंश. पाणी शून्याला गोठतं म्हणतात ना, तसं होतंच असं नाही. उणे पाच होतं, उणे दहा होतं, थेंब आपला तसाच, स्वच्छ. आणि मग एकाएकी एक थेंब पांढरा होतो. शेजारचा नाही, तोच. पापणी लवायच्या आत झालेलं असतं. इतक्यांदा बघितलंय, तरी अंगावर काटा येतो."

हे सांगताना तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून थेंब धरून दाखवला होता. आवाज वेगळा होता. मघाची मुलगी कुठल्या कुठे गेली होती.

"मग हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"हे?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "हे काय सांगायचं, मॅडम? हे तर नुसतं दिसतं ते."

विज्ञान शाखेच्या मुलामुलींना चारचौघांत बोलायला शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या संध्याकाळचं तिचं 'नुसतं दिसतं ते' माझ्या डोक्यातून गेलं नाही. सुरुवातीची काही वर्षं मी चुकीचं शिकवलं, हे मला आज स्पष्ट दिसतं. ताठ उभं राहा, हात खिशातून काढा, शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवा, आवाज पोटातून काढा. यातलं खोटं काहीच नाही. पण एका वर्षी एक मुलगा हे सगळं अचूक करून दाखवून गेला, एकदाही अडखळला नाही, आणि तो बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याला नेमकं काय सापडलं हे मला सांगता येत नाहीये. आजूबाजूला विचारलं, कुणालाच येईना. त्या मुलाचं वर्ष मी वाया घालवलं असं मला वाटलं. आजही वाटतं.

ही मुलं बोलताना अशी का होतात? लोक म्हणतात लाजाळू असतात, पुस्तकी असतात. मला ते पटत नाही. कँटीनमध्ये त्यांचा आवाज ऐका. त्यांना वर्षानुवर्षं एक शिस्त लावलेली असते, की लिहिताना स्वतःला बाजूला काढायचं. प्रयोगवहीत 'द्रावण तापवण्यात आले', 'रंगबदल आढळून आला', 'नोंदी घेण्यात आल्या'. कुणी तापवलं, कुणाला आढळला, विचारायचं नाही. कागदावर या सवयीला अर्थ आहे, कारण प्रयोग कुणीही केला तरी तसाच यायला हवा. पण माणसांसमोर उभं राहून माणूस 'आढळून आले' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला कुणाकडे बघायचं ते कळत नाही. म्हणून माझ्या वर्गातला पहिला तास हल्ली क्रियापदांवरच जातो. 'मोजण्यात आले' खोडायचं, 'मी मोजलं' म्हणायचं. 'असे दिसून येते' खोडायचं, 'मला दिसलं' म्हणायचं. मुलं अवघडतात. "सारखं मी मी करणं बरं दिसतं का?" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारी मुलं सहसा गुणी असतात. त्यांना मी एवढंच सांगते की 'मी मोजलं' म्हणणाऱ्याला 'कसं मोजलंस?' असं विचारता येतं. ती बढाई नसते, ती जबाबदारी असते. मोजण्यात 'आलेल्या' गोष्टीला कोण काय विचारणार?

दुसऱ्या तासाला मी कुणाला तरी टेबलावर बोटांनी एक गाणं वाजवायला लावते. सगळ्यांना पाठ असलेलं, पण शब्द नाहीत, चाल नाही, नुसता ठेका. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चाललेलं असतं, ऐकणाऱ्यांना फक्त टकटक. हा खेळ माझा नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन हिनं पीएचडीच्या कामात तो नीट मोजून पाहिला होता. १२० वेळा गाणी वाजवली गेली, ऐकणाऱ्यांनी ३ ओळखली. वाजवणाऱ्यांना मात्र आधी विचारलं होतं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की निम्मी तरी ओळखतील. वर्गात दरवेळी तेच होतं. वाजवणारा पुन्हा वाजवतो, जोरात वाजवतो, शेवटी जवळजवळ चिडतो. "अरे, इतकं सोपं आहे!" त्याचा तो चेहरा मी सगळ्यांना नीट बघून ठेवायला सांगते. आपला विषय समोरच्याला कळत नाही तेव्हा आपला चेहरा असाच होतो, आणि आपण असंच तेच पुन्हा, फक्त मोठ्यानं, सांगतो.

हे शिकता येतं का, असं मला पालक विचारतात, सहकारी विचारतात. काहींना जन्मतःच असतं, काहींना नसतं, असं मानायची आपल्याला सवय आहे. अशा वेळी मी विजेवर मोठं काम केलेल्या फॅरडे या शास्त्रज्ञाचं सांगते. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम, मग पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. १८१२ मध्ये त्यानं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं काढली, ती बांधून डेव्हीकडे पाठवली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची जागा मिळाली. व्याख्यान द्यायची त्याच्यावर अजून वेळच आली नव्हती, त्या १८१३ सालीच तो ॲबट नावाच्या मित्राला लांबच लांब पत्रं लिहीत होता. विषय एकच, चांगलं व्याख्यान कसं होतं. सभागृहात हवा खेळती हवी का, टेबलावर उपकरणं कशी मांडावीत, बोलणाऱ्यानं श्रोत्यांकडे पाठ का करू नये. इतरांची व्याख्यानं ऐकताना तो व्याख्यात्याइतकंच श्रोत्यांकडे बघत बसायचा. पुढे त्यानं वक्तृत्वाचे रीतसर धडेही घेतले. तो भरभर बोलायचा, म्हणून समोर एक कार्ड ठेवायचा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'हळू'. बोलण्याच्या भरात ते दिसेनासं झालं, की त्याच्या मदतनिसानं ते पुढे आणून ठेवायचं, असं ठरलेलं होतं. तास संपत आला की दुसरं कार्ड, 'वेळ'.

ज्याची ख्रिसमसमधली मुलांसाठीची व्याख्यानं ऐकायला माणसं गर्दी करायची, १८२७ ते १८६० या काळात अशा १९ मालिका ज्यानं दिल्या, एका मेणबत्तीच्या ज्योतीवर ज्यानं सहा सहा व्याख्यानं रंगवली, त्या माणसाला 'हळू' असं लिहिलेलं कार्ड लागत होतं. माझ्या वर्गातही एक कार्ड आहे. ते धरायचं काम पहिल्या बाकावरच्याचं. आधी मुलं हसतात, मग स्वतःहून मागतात.

बाकी तंत्राच्या गोष्टींत मी फार वेळ घालवत नाही. भीती वाटते, वाटू दे. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ असू दे, मधलं नको. पाणी जवळ ठेवा. 'ॲक्चुअली' आणि 'बेसिकली' तोंडात आलं, की तिथे गप्प राहा. तो तीन सेकंदांचा गप्पपणा बोलणाऱ्याला युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्यात विचार करायला जागा मिळते.

आलेखापाशी मात्र मी थांबते. तिथे मला घाई सहन होत नाही. दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर काम करणारा एक मुलगा होता. त्यानं पडद्यावर आलेख आणला, लाल ठिपका त्यावर भिरभिरवला, "तुम्ही बघू शकताच की..." म्हणाला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. मी घड्याळ बघत होते. चार सेकंद. त्या आलेखामागे त्याचे आठ महिने होते. मी प्रोजेक्टर बंद करायला लावला आणि खडू दिला. "काढ."

त्यानं आडवी रेघ मारली. मी म्हटलं, ही काय आहे ते म्हण. "वेळ. तासांत." उभी रेघ. "ताऱ्याचा प्रकाश." किती उजेड म्हणजे किती वर? "हा इथे शंभर टक्के." आता एक टिंब दे. एकच. हे टिंब काय आहे? तो थांबला. मग म्हणाला, "हा एक फोटो. दुर्बिणीनं काढलेला. या फोटोत तारा इतका तेजस्वी होता." मग दुसरं टिंब, तिसरं. टिंबं सरळ रेषेत जात राहिली. वर्गात कुणीच बोलत नव्हतं. मग एक टिंब जरा खाली आलं. पुढचं आणखी खाली. मग काही टिंबं तिथेच, तळाला, आणि मग पुन्हा वर, पहिल्या रेषेवर. "इथे," तो म्हणाला, आणि खडू त्या खळग्यावर ठेवला, "इथे काहीतरी ताऱ्याच्या समोरून गेलं." त्यानं मागे वळून बघितलं. "एक टक्का प्रकाश कमी झाला. आपला गुरू सूर्यासमोरून गेला, आणि आपण फार लांबून बघत असलो, तर एवढाच कमी होईल."

मागच्या बाकावरून कुणीतरी "अरे!" म्हणालं. सबंध सत्रात मला मिळालेला सर्वांत चांगला अभिप्राय तो होता. तेव्हापासून वर्गात नियमच केला. आडवा अक्ष काय, उभा अक्ष काय, एक टिंब म्हणजे काय, आणि मग आकार. याच क्रमानं, मोठ्यानं. शास्त्रज्ञांसमोर बोलत असलात तरीही. त्यांनाही तुमचा आलेख पहिल्यांदाच दिसतोय.

स्लाइडच्या बाबतीत मी कडक आहे, आणि त्याला कारण आहे. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यानाच्या उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असताना अभियंत्यांनी त्या धोक्याचा अंदाज वरिष्ठांसमोर स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक असं होतं की वाचणाऱ्याला हायसं वाटावं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाच्या ओळींत होती. ती अशी की चाचण्या ज्या तुकड्यांवर झाल्या होत्या ते ३ घन इंचांचे होते, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. म्हणजे, चाचण्यांवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. १ फेब्रुवारीला यान परतीच्या वाटेवर कोसळलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानं आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली, आणि तांत्रिक विषय अशा रीतीनं मांडण्याच्या सवयीवरच बोट ठेवलं. एका स्लाइडमुळे यान पडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं चूक होईल. पण ती स्लाइड मी दरवर्षी दाखवते आणि मुलांना विचारते, यातलं तुम्हाला सांगायचंय ते एक वाक्य कोणतं? ते वर घ्या. शीर्षकाच्या जागी 'निष्कर्ष' किंवा 'परिणाम' असा एक शब्द नको. पूर्ण वाक्य हवं, कर्ता, कर्म, क्रियापद असलेलं. 'चाचणीतले तुकडे खऱ्या तुकड्याच्या मानानं फारच लहान होते.' त्याखाली त्याचा पुरावा. बस.

वाक्य सुचत नाही, तेव्हा मी त्यांना भाषा बदलायला सांगते. ज्या भाषेत शिकलात ती बाजूला ठेवा, ज्या भाषेत भावंडांशी भांडता त्या भाषेत सांगा. माणूस भांडताना मुद्द्याला धरून बोलतो. आधी ते येऊ दे, मग ते वाक्य हव्या त्या भाषेत घेऊन जा. पाठ केलेल्या वाक्यांमागे लपता येतं. घरच्या भाषेत ते जमत नाही, कारण तिथे न कळलेल्या गोष्टीला शब्दच सापडत नाहीत.

प्रबंध तीन मिनिटांत आणि एकाच स्थिर स्लाइडवर सांगायची एक स्पर्धा क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केली, आता ती कितीतरी देशांत होते. माझी मुलंही तयारी करतात. शिस्त म्हणून ती मला फार आवडते. धास्ती एकाच गोष्टीची वाटते, तीन मिनिटांत शंकेला जागा उरत नाही. 'बहुधा', 'आमच्या मोजमापाच्या मर्यादेत', 'अजून एकदा तपासायला हवं' हे शब्द आधी कापले जातात. विज्ञान शिकलेल्या माणसाच्या तोंडी शंका हवीच. फक्त ती सगळ्या वाक्यांवर सारखी शिंपडलेली नको. जिथे आहे तिथे, बोट ठेवून सांगितलेली हवी.

थेंबवाल्या मुलीकडे परत येते. पुढच्या आठवड्यात तिला मी एकच काम दिलं, त्या संध्याकाळी वायर गुंडाळताना जे सांगितलंस ते वर्गात सांग. स्लाइड नाही. ती उभी राहिली, बोटांत थेंब धरला आणि सुरू झाली. अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रवच राहू शकतात. गोठायला सुरुवात करून देणारा कण हवा असतो, धुळीचा, मातीचा, एखाद्या जिवाणूचा. तिचा प्रश्न हाच होता, कोणत्या मातीतले कण हे काम किती अंशांवर करतात. ढगातल्या पाण्याचं पुढे काय होतं, हे त्यावर अवलंबून असतं. वर्ग पहिल्यांदाच पुढे सरकून ऐकत होता.

मग गणिताच्या मुलानं हात वर केला. त्याला रसायनातलं काही कळत नाही, तो स्वतःच म्हणतो. "थेंब काचेवर ठेवतेस ना? मग काच पण एक कणच की. थेंब मातीमुळे गोठला का काचेमुळे, हे तुला कसं कळतं?"

"नुसत्या पाण्याचा थेंब घेऊन बघितलंय ना मी," ती म्हणाली. "तो खूप खाली, उणे पंचविसाच्या पुढे गोठतो."

"याच काचेवर?"

ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होते. अडखळणं वेगळं आणि हे वेगळं. ती मनातल्या मनात वही उलटत होती. नुसत्या पाण्याची चाचणी तिनं कामाच्या सुरुवातीला केली होती. मधे काचांचा नवा डबा आला होता.

"बघून सांगते," ती म्हणाली आणि बसली.

तिला तीन आठवडे लागले. नव्या काचांवर नुसतं पाणीही बरंच आधी गोठत होतं. त्या डब्यातल्या काचांवरच्या सगळ्या नोंदी बाजूला काढाव्या लागल्या, प्रयोग पुन्हा करावे लागले. ती माझ्या खोलीत येऊन रडली. तिच्या गाइडनं, पेपरच्या परीक्षकांनी, कुणीच हे विचारलं नव्हतं, कारण ३१ स्लाइडमध्ये काच कुठे नव्हतीच. तिनं थेंब बोटांत धरून दाखवला, तेव्हा तो कशावर ठेवलाय हे बघायला जागा झाली. बोलायला शिकवणं म्हणजे झालेल्या कामावर शेवटी रंग देणं, असं मानणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे दर वेळी सांगते, आणि ते सांगताना माझा आवाज चढतो.

सत्राच्या शेवटच्या व्याख्यानाला ती तीन बाटल्या घेऊन आली, फ्रीजरमध्ये ठेवलेल्या, बर्फाच्या डब्यात जपून आणलेल्या. शून्याच्या खाली गेलेलं, पण न गोठलेलं पाणी दाखवायचं होतं. डबा उघडला, तर दोन बाटल्या वाटेतच गोठल्या होत्या. एक क्षण माझ्याच पोटात गोळा आला. तिनं त्या दोन बाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या, सगळ्यांना दिसतील अशा.

"या दोन थांबल्या नाहीत," ती म्हणाली. "तिन्ही बाटल्यांत पाणी एकच आहे, तिन्ही बरोबरच ठेवल्या होत्या. यांच्यात कुठेतरी एक कण होता, किंवा प्लॅस्टिकवर एखादा ओरखडा. मी यावरच काम करते."

मग तिनं तिसरी उचलली. पाणी हललं, सगळ्यांनी ते बघितलं. पहिल्या बाकावरच्याच्या हातातलं 'हळू' कार्ड खालीच होतं. तिनं बाटली टेबलावर आपटली. वरून एक पांढरी रेघ उतरू लागली, पसरली, आणि बघता बघता बाटली धूसर झाली. एकीनं श्वास जोरात आत घेतलेला मला ऐकू आला.

गणिताच्या मुलाचा हात वर गेलाच. "आपटल्यावर आत नेमकं कुठून सुरू झालं?"

तिनं बाटली डोळ्यांसमोर धरली, उजेडाकडे फिरवली, बराच वेळ बघितली.

"माहीत नाही," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "पण वेगवान कॅमेरा मिळाला, तर कसं शोधता येईल ते सांगू शकते. फळा पुसू का?"